खरा गॅस

स्वयंपाकाचा सिलिंडर आला की काका आधी त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि आणणाऱ्याला सुनवायचे, "भैया, ये गैस नहीं है. भाप है."

"जो भी है बाबूजी, दस्तखत कर दो," तो म्हणायचा.

तुमच्याही शेजारी असं एखादं जुनं खोड असेल. आमच्या खंडेराव गेटच्या गल्लीत हे काका होते, कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. चहाला आले की माझ्या ओट्यापाशी शिकवणी सुरू. "नुसती दाबून जिचा द्रव होतो, ती वाफ. ती तुझ्या सिलिंडरात, तळाच्या द्रवावर. म्हणून दाब शेवटपर्यंत तोच, आणि संपते ती अचानक. या तापमानाला कितीही दाबला तरी ज्याचा द्रव होत नाही, तो खरा गॅस."

"काका, भाजी करपतेय," मी म्हणायची.

मग त्यांची फुफ्फुसं बिघडली आणि घरी ऑक्सिजन आला. त्याही सिलिंडरवर त्यांनी टकटक केली. मास्कमधूनच खूश होऊन म्हणाले, "हा बघ खरा गॅस. जेवढा उरेल तेवढाच दाबाचा काटा दाखवणार. फसवत नाही."

एका दुपारी तो काटा लाल पट्ट्यात शिरला. दुसरा सिलिंडर भरून आणायला गेलेले आमचे हे मानिक चौकात जाममध्ये अडकले होते. "गाडी हलतच नाहीये!" ते फोनवर ओरडले. काकू देवासमोर बसल्या, मी काट्यासमोर.

"काका, आडवा करून बघू का? थोडा हलवू?" स्वयंपाकघरातली सवय, दुसरं काय!

बोलवत नव्हतं, तरी ते हसले. "वाफ असती तर... तळाशी उरलं असतं काही. यात नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या क्षणी तरी खोटं बोलायला काय जात होतं?

काटा शून्याला टेकत असताना जिन्यात लोखंड आपटलं. यांनी गाडी तिथेच सोडून सिलिंडर खांद्यावर आणला होता. नळी बदलेपर्यंत काकांचे ओठ निळे पडले. मग हळूहळू रंग परतला आणि मी चक्क हमसून रडले.

त्यानंतर एक भरलेला सिलिंडर कायम जास्तीचा असायचा. तरी येता-जाता मी काटा बघायचीच.

गेल्या थंडीत, सकाळच्या चहाच्या वेळी काकूंनी हाक मारली. मी धावत गेले आणि सवयीने आधी काट्याकडे पाहिलं. तो अर्ध्याच्याही वर होता; काकांच्या मास्कमध्ये मात्र वाफ धरत नव्हती. गॅस पुष्कळ उरला होता.