बैलानं तोंड घातलेला कर्णा

गाणारी पेटी, बैलगाडी आन मी, एवढं कळलं की तुमी लगेच म्हणणार, गाडी उलटली असंल. नाय उलटली. चाक निखळलं? नाय. वाटेत चोर आले? तेबी नाय. आले असते तर निदान दोष त्यांच्यावर ढकलता आला असता.

पेटी व्हती जुन्नरातल्या कागदवाल्या चाचांची. चावी दिली की तबकडी फिरायची आन वर बसवलेल्या पितळी कर्ण्यातनं गाणं यायचं. चाचा ती कुणालाच देत नसत. पन कळंबला माझ्या बहिणीच्या सासरी बारसं व्हतं, आन आमचे आबा चाचांचे जुने दोस्त. आबांनी शब्द दिला, "पेटी जशीच्या तशी परत येईल. पोरगा स्वतः नेईल." त्या एका शब्दावर चाचांनी पेटी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर काढली.

मला त्यांनी तीनदा बजावलं. "बेटा, कर्णा काढून मांडीवर घेऊन बस. पेटी गोधडीत बांध. तबकड्या उभ्या ठेव." मी मान डोलावली, आन वेशीबाहेर पडल्यावर हेच सगळं त्यांच्या आवाजात गाडीवानाला ऐकवलं, मधलं खाकरणं पन. हसून हसून त्याच्या हातातनं कासरा सुटायला आला.

आता कर्णा मांडीवर झाकून नेला तर नारायणगावात कुणाला कळणार, गाडीत काय हाय? म्हणून मी तो परत पेटीवर चढवला. हादऱ्यानं खणखणायला लागला, तवा त्याच्यात हिरवं गवत ठासून भरलं. पेटीखाली कडब्याच्या चार पेंढ्या. स्वतःच्या हुशारीवर लई खूश झालो, राव.

वारूळवाडीला नदीकाठी बैल सोडले. सोडलेले बैल गाडीच्या मागं बांधायचे आन गाडीतलीच वैरण त्यांच्यापुढं टाकायची, ही आमच्याकडची रीत. त्या बैलांनी जन्मभर गाडीच्या मागं वैरणच बघितलेली. गाडीवान पाण्याला गेला. पेटी बघायला चार-पाच माणसं जमली, आन मी पेटी सोडून त्यांना चाचांची नक्कल दाखवायला लागलो.

"पावणं," एक म्हातारा सावकाश म्हणाला, "तुमचा बैल गाणं ऐकतोय जनू."

वळून बघतो तर बैलाचं तोंड कर्ण्यात. अर्धं गवत खाऊन झालेलं, बाकीच्यासाठी जीभ आत. मी ओरडलो. बैल दचकला आन कर्णा तोंडावर घेऊनच मागं सरला. पेटी घसरली ती मी छातीवर झेलली. कर्णा मातर निसटून चाकावर आपटला, आन त्याची कड आत चेपली.

कळंबला पेटी वाजली, पन गाणारी बाई सर्दी झाल्यागत गात व्हती. बहिणीची सासू मला म्हणाली, "बरं वाटत नाय का वो तिला? काढा करून देऊ?" सगळी बाया-माणसं हसली. बहीण तेवढी हसली नाय.

परत आल्यावर चाचांनी कर्ण्यात बोट फिरवलं. गवताची एक काडी निघाली. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"मी काय सांगितलं व्हतं?"

मी सांगितलं. शब्द न शब्द, सवयीनं मधलं खाकरणं पन.

"म्हंजे पाठ हाय. माझं खाकरणं तुला समजतं, सांगणं समजत नाय. पितळ तांबट ठोकून सरळ करंल. तुझ्या बापाचा शब्द चेपला, तो कोण सरळ करणार? आता घरी जा आन हे माझ्याच आवाजात त्याला सांग. काय बी गाळायचं नाय."

घरी गेलो. आबांपुढं उभा राहून सगळं सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवाज जमलाय," ते म्हणाले. "मधलं खाकरणं ऱ्हायलं. पयल्यापासनं सांग."