‘बंतु’ या शब्दाची दुरुस्ती

मधुअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पत्रकाची प्रुफं तपासत होते. कलघटगीला लग्नात, पंगतीत बसल्या जागी कलंडले. त्यांच्या बायको, नलूवहिनी, फोनवर सांगत होत्या, “कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला…” माझ्या तोंडून निघालं, “छाती कुणी दाबली का?” पलीकडून, “कुणाला येतंय गं ते?” मला येत होतं. अण्णांनीच शिकवलेलं, धारवाडला आमच्या ओसरीवर, उशीवर हात ठेवून. आणि ते ज्या टेबलावर शिकले ते टेबल बंद पडावं म्हणून मी चार वर्षं ओरडत होते. पाच आठवडे झाले, चैन नाही.

अण्णा वडिलांचे मित्र. हुबळीच्या एका संशोधन संस्थेत ते कुत्र्यांवर प्रयोग करत. भूल द्यायची, विजेच्या झटक्यानं हृदय थांबवायचं, मग छाती दाबून, औषध देऊन ते परत चालतं का, किती मिनिटांपर्यंत चालतं, ते बघायचं. लहानपणी मला ती जादू वाटे. कॉलेजात गेल्यावर खून वाटू लागला. तसं तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, “वाटू दे. मलाही रोज वेगळं वाटतं. कुत्र्याची छाती नावेसारखी, माणसाची पाटासारखी. एकावरून दुसऱ्याचं सांगताना जीभ अडखळायलाच पाहिजे.” हे वाक्य पत्रकात घालणार होते, पण त्याहून झणझणीत काहीतरी हाती लागलं.

या प्रयोगांविरुद्धच्या चळवळीतले आम्ही संस्थेच्या भिंतीमागे पाळत ठेवून होतो. आतून आवाज आला, “बंतु, बंतु,” आणि हशा. कन्नडमध्ये बंतु म्हणजे ‘आलं’, येऊन पोचलं. रस्त्यावर नेमकी कुत्र्यांची गाडी उभी होती. झालं, मी छापून मोकळी: ‘नवी कुत्री आली की इथले नोकर हसून ओरडतात.’ मराठीत आणि कन्नडमध्ये. कमरीपेठेत घरोघर वाटलं. प्रयोगशाळेतला मदतनीस बसप्पा तिथंच राहायचा.

चार दिवसांनी अण्णा पत्रक घेऊन घरी आले. चहा नको म्हणाले.

“काय आलं होतं गं?”

“गाडी.”

“ठोका. थांबलेला ठोका परत आला की बसप्पा ओरडतो. दहा वर्षं ओरडतोय. आता गल्लीतली पोरं त्याच्या मागं लागतात, ‘बंतु, बंतु, नायी बंतु,’ कुत्रं आलं म्हणून. त्याची मुलगी शाळेला जाईना झालीय. दुरुस्ती छाप. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी.”

मी म्हटलं, “ठोका आल्यावर त्या कुत्र्याचं पुढं काय करता?”

अण्णांनी पत्रकाची घडी घातली. म्हणाले, “भूल उतरू देत नाही.”

“म्हणजे मारता. माझा एक शब्द चुकला. तुमचं काय?”

ते चपला घालून निघून गेले… चळवळीत माघार घ्यायची नसते, असं मला शिकवलं होतं. मी दुरुस्ती छापली नाही. नंतर अण्णा भेटत राहिले, हसत राहिले, तो विषय मात्र दोघांनी कधी काढला नाही.

ते प्रयोग बंद व्हायला हवेत, हे मी आजही म्हणते. माणूस गेला म्हणून मत बदलणाऱ्यांतली मी नाही. पण खोटं ते खोटं, आणि ते मी छापलं.

परवा दुरुस्तीच्या कन्नड पत्रकाचं प्रूफ घेऊन बसप्पाकडे गेले. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणतो.

“उशीर झाला, अक्का. शाळा सुटली ती सुटलीच. लग्नही झालं पोरीचं.”

मी उठू लागले तसा म्हणाला, “ठोक्यानंतर पुढं काय, असं साहेबांना विचारलंत म्हणे. मला विचारायचं होतं. शेवटचं इंजेक्शन साहेब स्वतः द्यायचे. मला हात लावू दिला नाही. त्या दिवशी डबा तसाच परत न्यायचे. छापणार असाल तर हेही छापा.”

मी तिथंच बसून लिहून घेतलं. वाचून दाखवा म्हणाला. दाखवलं. बसप्पानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “‘हात लावू दिला नाही’च्या आधी ‘कधीच’ घाला.”

घातलं.