आत्याने पुसलेले ठिपके

आमची आत्या नर्स होती. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा आरोग्य खात्याने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, नकाशे करायला. लस टोचणाऱ्यांनी कुठल्या गल्लीत जायचं, कुठल्या घरात लहान मूल आहे, हे ती नकाशावर ठिपक्यांनी दाखवायची. एक दार, एक ठिपका. तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही, आणि हे मी कौतुकानेच सांगतेय.

नाल्यापलीकडची वस्ती नकाशावर नव्हतीच. तिथे नुसता हिरवा रंग. त्या हिरव्या रंगात गोवराने दोन मुलं गेली, तेव्हा आत्या काठी टेकत तिकडे पोचली. एकही दार उघडेना.

"मागे घरं मोजायला आले," एक म्हातारी दाराआडून म्हणाली, "आणि पाठोपाठ पाडायला आले. तुमचं मोजणं नको आम्हाला."

"हे ठिपके फक्त सुईसाठी. दुसऱ्या कुणाच्या हाती दिले, तर बापाचं नाव लावणार नाही मी."

म्हातारीने दार उघडलं. मग बाकीचीही उघडली, आत्याने ठिपके मांडले आणि पहिला डोस सुरळीत पार पडला.

दुसरा डोस महिन्याने होता. मध्येच घरं पाडणाऱ्या अतिक्रमण खात्याने नकाशा मागितला. आत्याच्या साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"देऊन टाका, बाई. नकाशा ऑफिसचा आहे, तुमच्या माहेरचा नाही."

"नकाशा ऑफिसचा. शब्द माझा."

"तुमच्या शब्दावर खातं चालत नाही."

"त्या वस्तीत त्याच्यावरच चाललं," आत्या म्हणाली, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत वस्तीचे सगळे ठिपके पुसून टाकले.

साहेबांनी तिला आरोग्य केंद्रामागच्या गोदामात औषधांची खोकी लावायला धाडलं. बाबा म्हणाले, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"माशाला सांग ना, माझ्याशी वैर नको म्हणून."

तोंडाने असं बोलायची, पण घास उतरत नव्हता तिच्या घशाखाली. ठिपके गेले, आता दुसऱ्या डोसला ती मुलं शोधणार कोण? साहेबांचा मला असा संताप आला होता की विचारू नका.

डोसच्या दिवशी टीमच्या फेरीत वस्ती नव्हतीच. मी आत्याला गोदामात सोडायला गेले, तर केंद्राच्या दारात नाल्यापलीकडच्या बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या. ठिपके पुसल्याचं वस्तीत कळलं होतं, आणि आत्याने पहिल्या खेपेला सांगितलेली तारीख त्यांनी पक्की ध्यानात ठेवली होती. आत्या भिंतीला टेकून सरळ रडायला लागली.

नोंदणीच्या टेबलाशी साहेब स्वतः बसले होते. सगळ्यांत पुढे ती म्हातारी, नातवाला घेऊन.

"राहता कुठे?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या नकाशात नाही तिथे," ती म्हणाली, आणि नातवाची बाही वर सारली.