घरची जोडी, माईक खाली

मुखरूभाऊ म्हणजे आवाजाचा धनी माणूस. सावली तालुक्यात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट कुठंही असो, बैलजोड्या सुटायच्या आधी माईक त्यांच्याच हातात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवरून तो आवाज असा जायचा, की कोणाची जोडी पुढं आहे ते घरी भात रांधणाऱ्या बाईलाही कळावं. बाकी गडी साधा. चार एकर धान, दोन म्हशी आणि कमळाबाईंसमोर मुकाट. "साऱ्या तालुक्याले आयकवते, घरी मात्र हूं नाई का चूं नाई," हे त्यांच्या बायकोचंच प्रमाणपत्र.

एक नियम मात्र भाऊंनी तीस वर्षं पाळला: घरची जोडी सुटली की माईक खाली. त्यालाही कारण होतं. ऐन उमेदीत एकदा धाकट्या भावाची, जंगूची, जोडी धावली, तेव्हा यांनी असा घसा फोडला की समोरच्या जोडीचं नाव घ्यायचंच राहिलं. जंगू जिंकला. पण समोरची जोडी हाकणारा सुकलू धुरकरी भर पटात म्हणाला, "बैल नाई जितले, भावाचा माईक जितला." ते बोलणं भाऊंच्या फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून जंगूची जोडी आली की भाऊ माईक ठेवून चहाला जात.

याच जंगूची मुलगी पुनम. कॉलेज सांभाळून ती मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. बघणारे अकरा, त्यातल्या पाच तिच्याच मैत्रिणी! एकदा भाऊ मागं उभं राहून बघत होते. गेमनं तीन-दोन-एक म्हणत गाड्या सोडल्या आणि भाऊंचा पारा चढला.

"अरे थांब! जोडी कोणाची, गाव कोणतं, सांगाले नको? घाई काऊन करून राह्यला हा मोबाईल?"

पण जोडी सुटल्यावर गप्प बसतील तर ते मुखरूभाऊ कसले! "हे निघाली लाल जोडी! निळीच्या शेपटाले लागली! अन् वळणावर निळीवाल्यानं कासरा ढिला सोडला हो मंडळी!" गाडीला शेपूट नसतं, कासरा तर नसतोच नसतो. पुनमनं व्हिडिओ जसाच्या तसा टाकला.

झालं! सावलीच्या पानठेल्यापासून गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या गेटपर्यंत पोरं तेच बोलू लागली. कोणी गेममध्ये हरायला लागला की बाकीचे ओरडत, "कासरा ढिला!" मग दर रविवारी दुपारी भाऊ गळ्यात दुपट्टा टाकून उभे राहत, कारण बसून त्यांचा आवाजच निघत नसे. शर्यत झाली की काका-पुतणीच्या तासभर गप्पा. कोणती गाडी खरी, कोणता गडी कच्चा, यावर ऐकणारे आठवडाभर भांडत.

जानेवारीत पुनमनं चॅनलवर स्पर्धा ठेवली. सहा महिन्यांच्या मेहनतीचं हे फळ होतं. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही खेळावं, तीही खेळणार. अंतिम फेरीला एका बाजूला गडचांदूरचा विक्की आणि दुसऱ्या बाजूला खुद्द पुनम! थेट प्रसारणाला चार हजार लोक जमले होते. मुखरूभाऊंनी घसा खाकरला, दुपट्टा सारखा केला आणि माईक धानाच्या पोत्यावर ठेवून दिला.

"मोठेबाबा, काय करून राह्यले?"

"घरची जोडी हाये, बाई."

"अवो, गेम हाये हा! लोकं मले पाहाले नाई, तुम्हाले आयकाले आले हायेत!"

"म्हणूनच. उद्या तो विक्की म्हणन, काकाचा माईक जितला."

पुनमचे डोळे भरून आले. पडद्यावर भराभरा प्रश्न उमटत होते, "भाऊ कुठी गेले?" बघणारे घटायला लागले. पोरीला ऐनवेळी तोंडघशी पाडायचं, की तीस वर्षं जपलेलं नाव घालवायचं?

तेवढ्यात पदराला हात पुसत कमळाबाई आल्या आणि त्यांनी पोत्यावरचा माईक उचलला.

"अवो, तूबी घरचीच!" भाऊ ओरडले.

"भाऊ तुमचा, पुतणी तुमची. मी त चामोर्शीची लेक," असं म्हणून बाई उभ्या राहिल्या. "आयका हो मंडळी! पहिली जोडी गडचांदूरची, गडी विक्की. पोरगं धडाचं वाटते, पण सकाळपासून जेवलं नसन. दुसरी आमच्या दीराची पुनम. घरी झाडू हाती दिला त इतकी पळत नाई!"

गाड्या सुटल्या. "दाबून धर, बाबू विक्की! पुनम, मांगं काऊन पाहून राह्यली, वरात येऊन राह्यली का?" गेलेले लोक परत आले, वर आणखी हजारभर आले. पुनम हसत खेळत होती, विक्कीही हसत होता. बाईंनी कोणालाच सोडलं नाही.

शेवटचं वळण आलं आणि कमळाबाईंनी आवाज एकदम खाली आणला. श्वास अडकावा इतका खाली. भाऊ दचकले. ही तर त्यांचीच लकब! ती त्यांनी आजवर कोणाला शिकवली नव्हती.

विक्की अर्ध्या चाकानं जिंकला. फोनवरून तो ओरडला, "मोठीमाय, हारलो असतो तरी चाललं असतं!" पुनमनं काकूला मिठी मारली. काकाचा माईक जिंकला, असं म्हणायला आता कोणाला जागाच नव्हती.

भाऊ मात्र बायकोकडे बघत राहिले होते. गावात पट म्हटला की घर पाहुण्यांनी भरायचं. बाईंना चुलीपुढून हलायला कधी फुरसत मिळाली होती?

"तू त एकबी पट पाह्यला नाई. हे शिकली कुठी?"

"पाह्यला नाई, आयकला. गावातले सारेच्या सारे," कमळाबाई म्हणाल्या. "जंगूभाऊची जोडी आली का तुम्ही गप होत होते न, तवा मी चुलीवरचा भाताचा गंज खाली उतरवून वाट पाहत राहो. कवा परत बोलता म्हून."

साऱ्या तालुक्याला ऐकवणारे मुखरूभाऊ आत गेले आणि चुलीवर चहा ठेवला. जन्मात पहिल्यांदा! कप आणून बायकोच्या हातात दिला.

कमळाबाईंनी घोट घेतला. माईक अजून चालूच होता.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "साखर टाकाची राह्यली हो!" आणि कप रिकामा केला.