न लिहिलेला वास

आमच्या घरात माझ्याआधी कोणी लेखणी धरली नव्हती. मीही ती धरून चार पाने लिहावीत असे माझ्याजवळ फारसे काही नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. पण एक वाक्य मी वारंवार लिहायचे टाळले, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमचे गाव ठाण्याच्या खाडीकाठी. सगळी घरे ख्रिस्ती, शेती भाताची आणि केळीची. केळीच्या बुंध्याशी आम्ही सडकी मासळी घालतो. खड्ड्यात मासळी टाकायची, वर राख, आणि कुजू द्यायची. खड्डा उघडला की आत अळ्या वळवळत असतात. पाटी डोक्यावर घेतली की काळे पाणी मानेवरून पाठीत उतरते. कॉलेजातून घरी आलो की मला वेशीवरच उमासे येत. तो वास माझ्या कोटालाही लागे. सोमवारी वर्गात शेजारचा मुलगा बाक बदली.

"कालेजात जाऊन नाक तेवढं मोठं झालं रे तुजं," बाप म्हणे. "केळं खाताना खुंटीला टांगतोस का ते?"

आमचे म्हातारे पाद्रीबाबा फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा शेतकरी गावातले. डोळे अधू होऊ लागले तेव्हा त्यांनी मला फ्रेंच शिकवले, गावाकडच्या त्यांच्या आईला माझ्या हातून पत्रे लिहिता यावीत म्हणून. आई अंथरुणाला खिळली होती. मुलगा परक्या मुलखात आपले गाव विसरेल, ही एकच धास्ती तिने घेतली होती.

एकदा आम्ही खड्डा उघडत असताना पाद्रीबाबा तिथे थांबले. मी नाकाला रुमाल लावला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"आमचं गाव, बाळा! अगदी आमचं गाव!"

वादळानंतर त्यांच्याकडे किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचे ढीग येऊन पडत. लोक ते गाड्या भरून नेत, कुजवत आणि बटाट्याच्या शेतात घालत. त्यात मेलेले खेकडे असत, माश्या घोंघावत. त्यांच्या आईच्या हातांचा वास आठवडाभर जात नसे. मला शिसारी आली. फ्रान्समध्येसुद्धा हेच?

त्या दिवशी त्यांनी सांगितले, "लिही. आई, इथल्या शेतांना आपल्या शेतांसारखाच वास येतो. डोळे मिटले की मी घरी असतो."

आम्ही असल्या घाणीत राहतो हे फ्रान्समध्ये वाचले जाणार! मी लिहिले, 'इथली शेते हिरवीगार आहेत. फुले सुंदर आहेत.' त्यांनी चाचपडत खाली सही केली.

बहिणीच्या हातचे उत्तर आले. 'आई विचारते, तिथे आपल्या गावासारखे काहीच नाही का?'

"अरे, लिहिलं होतं ना आपण?" पाद्रीबाबा हसले. "म्हातारी विसरली असेल. पुन्हा लिही."

मी पुन्हा फुलेच लिहिली. तिसऱ्यांदाही तेच. आता त्या खड्ड्याहून मला माझ्याच बोटांची अधिक किळस वाटू लागली. चौथ्या पत्रात मी त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले, आणि मनानेच अळ्याही घातल्या.

कित्येक आठवड्यांनी उत्तर आले. पाद्रीबाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. मी वाचू लागलो.

'आई गेली. तुझे पत्र नवव्या दिवशी आले. शेवटपर्यंत म्हणत होती, पोरगा आपल्या शेतांचा वास विसरला.'