सुरतच्या गाडीत बसलेली बाई

ह्यांची कादंबरी छापून आली तेव्हा गठ्ठे ठेवायला आम्ही बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीला सरकवला. प्रकाशकांनी फोनवर सांगितलं होतं, "आजकाल लेखकानेच बोलावं लागतं. छोटे छोटे व्हिडिओ करा, टाकत राहा." हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर टिपणं लिहिलेली. व्हिडिओत काय बोलायचं ते ह्यांना समजेना. मग पुण्याहून मुलीने खातं उघडून दिलं, फोन उभा धरायला मला शिकवलं आणि म्हणाली, "मम्मी, पप्पांचं शूटिंग तूच कर."

पहिला व्हिडिओ दिराच्या केळीच्या बागेत घेतला. इस्त्रीचा शर्ट घालून हे उभे राहिले आणि "प्रस्तुत कादंबरीत" असं म्हणून सुरू झाले. घरी आम्ही बहुतेक अहिराणीच बोलतो, पण फोन समोर धरला की ह्यांच्या तोंडून कचेरीची मराठी यायची. नातेवाइकांनी अंगठे दिले, कुणी "अभिनंदन काका" लिहिलं. पुस्तक काही कुणी मागवलं नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा एकटे बोलले की बातम्या दिल्यासारखं वाटतं. तू मागून प्रश्न विचार."

प्रश्न विचारायचे तर पुस्तक वाचायला हवं. तोवर मी ते वाचलंच नव्हतं. सकाळी चहानंतर हे लिहायला बसत, ते धरणाबिरणाचं काहीतरी असेल, असं मी धरून चालले होते. दुपारी भांडी आवरून वाचायला बसले. कादंबरीत एक कारकून होता, त्याची बायको होती. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवून वर वाटी पालथी घालायची. पैसे मोजताना पदराचं टोक दातात धरायची. फोनवर माहेरच्यांशी बोलताना उभी राहायची, बसून बोलायची नाही. हे सगळं मी करते. मला जरा हसूही आलं. मग एका सकाळी ती बाई पिशवी घेऊन शहाद्याच्या स्टँडवर गेली, सुरतच्या गाडीत बसली आणि पुढच्या सगळ्या पानांत परत आलीच नाही.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडून तेवढाच भाग वाचला. ती का गेली, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत मी ह्यांना विचारलं, "तुमच्या कादंबरीतली बायको घर सोडून जाते, ती का जाते?" हे म्हणाले, "त्याचा निर्णय वाचकांवर सोडला आहे." मुलीने तेवढाच तुकडा कापून खात्यावर टाकला आणि तो भराभर पसरला. माझा आवाज लोकांना आवडला. पण खाली जे लिहून यायला लागलं, ते वाचून मी गोंधळले. "विचारणाऱ्या ताईच ती बायको आहेत का?" "काकू, हिंमत केलीत." "काकू, झालं गेलं विसरा."

सारंगखेड्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, तू घर सोडीसनी कव्हय गयथी वं?"

"मी कुठे जासू? घरमाच शे मी."

"मंग दादानी हाई काय लिखेल शे? आठे सगळा माले विचारी ऱ्हायनात."

भाजीबाजारात शेजारीण माझ्याकडे जरा जपून बघू लागली. तिने माझी पिशवीसुद्धा धरली, जशी आजारी माणसाची धरतात.

शेवटी दुपारी ओट्यावर ह्यांना बसवलं, फोन समोर धरला आणि विचारलं, "ही बाई तुम्हाला कुठे भेटली?"

हे फोनकडे न बघता माझ्याकडे बघू लागले. "शहादाना स्टँडवर," म्हणाले. "तूच व्हती ती."

हे सांगत राहिले. मुलगी शाळेत जात होती तेव्हाची गोष्ट. हे कामासाठी स्कूटरवरून स्टँडजवळून चालले होते. मी बाकावर बसलेली दिसले, अंगावर जांभळी साडी, मांडीवर कापडी पिशवी. सुरतची गाडी लागली. मी उठले, दारापर्यंत गेले, कंडक्टरशी काहीतरी बोलले आणि परत बाकावर येऊन बसले. गाडी निघून गेली. हेही कचेरीत गेले. संध्याकाळी घरी आले तर मी भाकरी थापत होते.

"मंग माले का नही विचारं?"

"काय विचारनं व्हतं? तू घरमा व्हती."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. सुरतेत माझं कुणी नाही. नणंदेकडे सारंगखेड्याला जायचं असतं, तर तिकडे न जाणाऱ्या त्या गाडीच्या कंडक्टरला मी कशाला विचारीन? ती मी नसेनच, असंही वाटलं. तशी साडी त्या वर्षी निम्म्या शहाद्याने घेतली होती. पण नवरा बायकोला ओळखणार नाही? संसारात चिडचिडीचे दिवस होते, ते कुणाला नसतात? तेव्हा मनात आलं असेल का? खूप आठवून पाहिलं. आठवत नाही म्हणून तसं काही नव्हतंच, असंही छातीठोकपणे म्हणता येईना.

मुलीला रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा लगेच फोन. "मम्मी, हेच टाकायचं! पुस्तक हातोहात जाईल." मग हळू आवाजात, "पण तू खरंच जाणार होतीस?"

"माहीत नाही गं."

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." मी ते टाकलं नाही. त्याऐवजी स्टँडचं ते पान माझ्या आवाजात वाचलं आणि तो व्हिडिओ टाकला. वाचताना मीच मला सांगतेय असं होत होतं, आणि अनोळखी बाईचं वाचतेय असंही. तो खूप लोकांनी ऐकला. गठ्ठे सुटायला लागले, दिवाण पुन्हा जागेवर आला.

तळोद्याच्या वाचनालयाने आम्हा दोघांना बोलावलं. कार्यक्रमानंतर एक नर्सबाई माझ्याजवळ आल्या, पुस्तक उघडून ते पान पुढे केलं. "सही तुमचीच पाहिजे. ताई, मग परत कशा आलात?"

मी "बसनेच," म्हणाले. त्या हसल्या, हेही हसले. मी सही केली.

परतीच्या जीपमध्ये मी ह्यांना विचारलं, "त्या दिवशी हाक का नाही मारली?"

हे म्हणाले, "हाक मारली असती, तर तुला काहीतरी एक ठरवावं लागलं असतं."

मला ते पटलं. प्रकाशा गावचा पूल येईपर्यंत पटलेलं राहिलं नाही. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईचं मूल माझ्या खांद्यावर झोपलं आणि पुढचं विचारायचं राहून गेलं.

ओट्यावरचं ते रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. जागा संपली असं फोन सांगायला लागला की मी नातेवाइकांच्या लग्नांचे फोटो पुसते.