चाळीस दावी

टापसुबेई कुणाच्याही अंगणात आली की ‘बरं आहे का’ विचारायच्या आत तिची बोटं वासराच्या कानामागे. गोचीडतापाची गाठ पहिल्यांदा तिथंच येते ना! दोन वर्षांत तिची दोन वासरं त्या तापानं गेली होती. राहिली होती एक कालवड आणि त्या कालवडीची आई, म्हातारी गाय, तिचंही दूध आटत चाललेलं. डेअरीनं भाव असा पाडला होता की नवी गाय घेणं स्वप्नातही नको. कालवड गेली की बाईचा गोठाच संपला.

लसवाला डॉक्टर म्हणाला, “लसीची नळी एकदा उघडली की चाळीस वासरांना पुरते, उरली तर ओतून द्यायची. चाळीस जमवा, मग येतो.”

आता जमवायची कशी? आम्हा गुरं पाळणाऱ्या नांदी लोकांत गुरं मोजत नाहीत, मोजली की नजर लागते. ‘किती?’ विचाराल तर ‘आहेत थोडी’ एवढंच कानावर पडेल. टापसुबेईनं डोकं लढवलं. घरोघर गेली. “आकडा नको. जितकी वासरं तितकी दावी द्या.” दावी मोजायला कुणाची हरकत? आठ दिवसांत तिच्या दाराशी चाळीस दावी लोंबली. त्यांतली सहा माझी.

लसीच्या सकाळी ज्याची दावी त्याला परत देत ती कुंपणाभोवती फिरली. सगळी वासरं बांधून झाली, तरी तिच्या हातात दोन दावी उरलेली.

डॉक्टरनं लसीच्या गार टाकीच्या झाकणावरचा हात काढला. “आई, खालच्या गावात पुरी चाळीस तयार आहेत. बारापर्यंत थांबतो.”

ती थेट माझ्याकडे आली. “काका, दाव्याचा हा पीळ तुमचाच. सहा दिलीत, वासरं चारच?”

मी खोटं बोललो नव्हतो हो! दोन वासरं होती, पण डोंगरापलीकडे, माझा मित्र अराप मुरेई याच्या गोठ्यात. रोग आला तर सगळं एकदम जाऊ नये म्हणून आम्ही काही गाया मित्राकडे ठेवतो, आणि कुठं ते बायकोलाही सांगत नाही. दावी दिली फुशारकीत. वासरं आणायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना. आणि माझी बायको जेबिवोट दहा पावलांवर उभी.

“आहेत थोडी,” मी पुटपुटलो.

तिनं दोन्ही दावी माझ्यापुढं धरली. “काका, माझी एकच आहे.”

बाईनं आकडा सांगितला होता, भर उन्हात, सगळ्यांदेखत.

“मुरेईच्या गोठ्यात आहेत दोन!” मी ओरडलो.

“कुणाची?” जेबिवोट.

“आपली.”

“आणि दूध नाही म्हणत मला उन्हाळाभर काळा चहा पाजलात होय हो म्हातारबा?”

लोक हसू लागले, ते ऐकायला थांबलो नाही, डोंगराकडे धावलो. वासरं घेऊन परतलो तेव्हा डॉक्टर गाडीत बसत होता; वासरं पाहून उतरला आणि नळी उघडली. टापसुबेईनं आपली कालवड सगळ्यांत शेवटी पुढं केली.

लसीनंही थोडा ताप येऊ शकतो, म्हणून तीन आठवडे जपायचं होतं. नवव्या दिवशी कालवडीच्या कानामागे गाठ आली. बाई जेवेना, गोठ्यातून हलेना. बाराव्या दिवशी गाठ उतरली, तेव्हा कुठं तिनं पोटभर खाल्लं.

वर्षं गेली, आणि परवा ती कालवड व्याली. मी आणि जेबिवोट पाहायला गेलो, तर टापसुबेई ओल्या वासराच्या कानामागे चाचपतेय.

“आहे का गं काही?” मी विचारलं.

“आज नाही,” ती म्हणाली, आणि दुसरा कान धरला.